काचेपासून कार्डापर्यंत: आपल्या घरच्या फोटोंचा इतिहास



कॅमेऱ्यातले फोटो कॉम्प्युटरवर घेऊन देणारा एखादा मुलगा, भाचा, पुतण्या प्रत्येक घरी असतो. कार्ड काढतो, खाचेत घालतो, दोनदा क्लिक करतो आणि "झालं काकू" म्हणून उठतो. फोटो आत गेलेले असतात हे खरं. पण कुठे गेले, कुठल्या नावाने गेले, आणि पाच वर्षांनी पंचकल्याणक पूजेचे फोटो कुणी मागितले तर सापडतील का, हे त्याला कुणी विचारत नाही. म्हणून आज मी बटणं कुठली दाबायची ते सांगणार नाही. फोटोला नंबर देणं, नाव देणं, त्याची प्रत ठेवणं ही रीत कुठून आली आणि आपल्या सातारा-सांगलीकडच्या घरांत तिचं काय झालं, ते सांगणार आहे. ते कळलं की बटणं आपोआप कळतात.

सुरुवात आपल्याच माणसापासून करू. एकोणिसाव्या शतकातले भारतातले सर्वांत नावाजलेले फोटोग्राफर लाला दीनदयाळ हे जैन होते, हे आपल्यातल्या फार थोड्या जणींना माहीत असतं. मेरठजवळच्या सरधना गावी १८४४ साली एका जैन घरात त्यांचा जन्म झाला. रुरकीला शिक्षण, मग इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी, आणि ती करता करता हाती आलेला कॅमेरा. पुढे हैदराबादच्या निजामाने त्यांना 'राजा' हा किताब दिला. सिकंदराबाद, इंदूर आणि १८९६ पासून मुंबई असे त्यांचे स्टुडिओ होते. हैदराबादेत १८९२ साली त्यांनी पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला. घरंदाज बाईला परक्या पुरुषासमोर न बसता आपला फोटो काढून घेता यावा, ही त्यामागची सोय.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने दीनदयाळांचं मोठेपण दुसरीकडेच आहे. त्यांच्या फोटोंच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत नंबर आणि नाव दिसतं. ते नंतर कुणी शाईने लिहिलेलं नसे, काचेच्या निगेटिव्हवरच लिहिलेलं असे. काचेवर उलटं लिहायचं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं. म्हणजे निगेटिव्हवरून जितक्या प्रती निघतील तितक्या प्रतींवर नंबर आणि नाव आपोआप येणार. फोटो आणि त्याची ओळख एकमेकांपासून सुटूच शकत नाहीत अशी ती व्यवस्था. आज त्यांच्या काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांनंतरही ही इमारत कुठली, हा संस्थानिक कोण, हे सांगता येतं ते त्या कडेवरच्या अक्षरांमुळे. नंबर, नाव आणि ते फोटोच्या अंगावरच, एवढं लक्षात ठेवा. पुढे कॉम्प्युटरशी गाठ पडेल तेव्हा हेच कामाला येणार आहे.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्या काळचा फोटोचा कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप देऊन तयार करत. १८५० च्या सुमारास ही पद्धत निघाली आणि पुढची चाळीस वर्षं जगभर तीच चालली. युरोपातल्या एकेका कारखान्यात त्यासाठी रोज हजारो अंडी फुटत. मग १८७१ नंतर जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्या, त्यापाठोपाठ जिलेटिनची फिल्म आणि जिलेटिनचाच कागद. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं आणि कातडी उकळून काढलेला चिकट पदार्थ. ज्या घरांत जेलीची पाकिटं डब्यावरचा मजकूर वाचून परत पाठवली जातात, त्याच घरांत लग्नाच्या अल्बमच्या पानापानाला जिलेटिन आहे! दीनदयाळांना याचं काय वाटत असेल, कोण जाणे. मी हे सांगितल्यावर आमच्या मंडळातल्या एका काकूंनी अल्बमला हात लावून हात धुतले होते. इतकं करायची गरज नाही. पण हे जिलेटिन ध्यानात असू द्या, कारण कृष्णेच्या पुरात आपल्या फोटोंचा घात त्यानेच केला.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. मराठी माणूस फोटोच्या कामात तसा पहिल्यापासून आहे. आपल्याकडच्या घरांत मात्र फोटो पोचायला विसावं शतक बरंच पुढे जावं लागलं. सातारा, कराड, सांगली, मिरज या पेठांतून स्टुडिओ निघाले, तिथे सटीसामाशी जाऊन फोटो काढायचा. लग्न झालं की जोडप्याचा एक, मूल झालं की एक, म्हातारपणी भिंतीवर लावण्यासाठी एक. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीने निगेटिव्हचा नंबर. दहा वर्षांनी तो नंबर घेऊन गेलं तर दुसरी प्रत मिळे. घरात ठेवायला एकच फोटो असला तरी त्याचं मूळ बाजारपेठेत कुणाच्या तरी कपाटात सुरक्षित असे. ही मोठीच सोय होती आणि ती कधी गेली हे आपल्याला कळलंही नाही.

मग साठ-सत्तरच्या दशकात अॅगफा क्लिक थ्री आला. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. ऐंशीच्या दशकात हॉटशॉट आला, आणि मग छत्तीस फोटोंचे रोल. फोटो स्टुडिओतून घरात आला, ओट्यापाशी, अंगणात, मंदिराच्या पायऱ्यांवर आला. निगेटिव्हही घरात आली, पिवळ्या पाकिटात. नंबर गेला. फोटोला नाव देण्याचं काम आता घरावर पडलं, म्हणजे घरातल्या बाईवर पडलं.

ते आपण कसं केलं? खरं सांगायचं तर आपल्या पद्धतीने केलं. जुन्या फोटोंची पाठ बघा. "मोठ्या वहिनी". कुणाच्या मोठ्या वहिनी? लिहिणारीच्या. लिहिणारी कोण, ते लिहिलेलं नाही. "अक्का आणि मुलं, बाहुबली यात्रा". आमच्या एकत्र कुटुंबात एकाच वेळी तीन अक्का होत्या. नात्याने हाक मारायची आपली रीत गोड आहे, पण ती हाक मारणाऱ्याबरोबरच संपते. पुरुषांच्या फोटोमागे आडनावासकट नाव दिसतं, नोकरीचा हुद्दासुद्धा दिसतो. बायकांच्या मागे "सौ." आणि नातं.

त्यात आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची चाल. माझ्या सासूबाईंना कराडला माहेरी एका नावाने हाक मारत, सांगलीत दुसऱ्या. कराडच्या अल्बममध्ये परकर-पोलक्यातली एक मुलगी आहे, सांगलीच्या अल्बममध्ये नऊवारीतली एक सून आहे, आणि दोन्हींच्या मागे वेगवेगळी नावं आहेत. ही एकच बाई हे सांगणारं माणूस उरलं नाही, तर त्या दोन बायका होतात. दीक्षा घेतलेल्या माताजींच्या बाबतीतही हेच. गृहस्थावस्थेतलं नाव एक, आर्यिका झाल्यावरचं दुसरं. पण तिथे निदान संघ दोन्ही नावं जपतो, चरित्रात लिहितो. सुनेचं चरित्र कोण लिहिणार? हे फक्त आपल्याच घरांत घडतं असंही नाही. होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, पण त्यांचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या पतीच्या नावाने छापले जात. कॅमेऱ्याच्या पुढची बाई असो की मागची, नावाची अडचण सारखीच.

आता पुराकडे येते. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, वाईवरून येते, माहुलीला वेण्णेला भेटते, कराडला कोयनेला भेटते आणि मग सांगलीला येते. साताऱ्याच्या डोंगरांत पडलेला पाऊस सांगलीच्या दारात येतो. सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २००५ साली ते ५३ फुटांच्या वर गेलं तेव्हा "असा पूर पुन्हा नाही" असं सगळे म्हणाले. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं. ज्यांनी २००५ ची खूण धरून सामान वर ठेवलं होतं, त्यांचंही भिजलं. शहरातल्या जुन्या वाचनालयातली हजारो पुस्तकं गेली. घराघरांतून भांडी धुऊन वापरात आली, कपडे आले, कपाटं सुद्धा उन्हात वाळवून काही जणांनी परत लावली. अल्बम आले नाहीत.

याचं कारण ते जिलेटिन. फोटोच्या कागदावरचा हा थर पाणी पिऊन फुगतो, मऊ होतो. दोन फोटो समोरासमोर असले की एकमेकांना चिकटतात, काचेच्या चौकटीत असला की काचेला चिकटतो, आणि वाळला की तो दगडासारखा बसतो. मग सोडवायला गेलं की चेहरा एका बाजूला निघून येतो. खरं तर फोटो ओला असताना तो वाळू न देता स्वच्छ गार पाण्यात ठेवायचा, एकेक हलक्या हाताने सुटा करायचा आणि चित्राची बाजू वर करून सावलीत पसरायचा. ज्या फोटोग्राफरांना हे माहीत होतं त्यांनी बऱ्याच घरांचे फोटो वाचवले. पण आठ दिवसांनी पाणी उतरल्यावर घरात शिरलेली बाई आधी चिखल काढणार की अल्बम पाण्यात बुडवणार?

त्या पुरानंतर मी एक निरीक्षण केलं. ज्यांचे अल्बम गेले, त्यांच्यातल्या काहींकडे फोटो होते. कुणाच्या पुण्यातल्या मुलाने पाच-सहा वर्षांपूर्वी सुट्टीत बसून जुने फोटो स्कॅन केले होते. कुणाच्या मुंबईच्या नणंदेकडे लग्नाच्या फोटोंची दुसरी प्रत होती. आणि ज्यांचे फोटो डिजिटल कॅमेऱ्याचेच होते, पण ते फक्त घरातल्या एका कॉम्प्युटरवर होते, त्यांचे अल्बमवाल्यांइतकेच गेले. टेबलाखाली जमिनीवर ठेवलेला तो डबा सगळ्यात आधी पाण्यात गेला. कागद की कॉम्प्युटर याने फरक पडला नाही. प्रत एक होती की दोन, याने पडला.

डिजिटल कॅमेऱ्याची गोष्ट थोडक्यात सांगते. १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरने पहिला असा कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर. फोटो काळापांढरा, शंभर ठिपके रुंद आणि शंभर उंच. एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद. फिल्म विकून जगणाऱ्या कंपनीने तो बाजूला ठेवला आणि २०१२ साली त्याच कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. त्यातून कुणी काय धडा घ्यायचा तो घेवो. आपल्यासाठी महत्त्वाचं आहे ते १९९८ साल. तोवर दर कंपनीचा कॅमेरा आपल्या मनाला येईल तसे फोटो साठवे. त्या वर्षी जपानमध्ये एक नियम ठरला आणि तो सगळ्यांनी पाळला. कार्डात एक मुख्य फोल्डर, त्याचं नाव 'डीसीआयएम'. त्याच्या आत शंभरपासून पुढचे नंबर असलेले फोल्डर. त्यांच्या आत फोटो, आणि फोटोचं नाव म्हणजे चार अक्षरं आणि चार आकडे. म्हणून कुणाच्या कॅमेऱ्यात 'आयएमजी' येतं, कुणाच्यात 'डीएससी', पण पुढे चारच आकडे. घरोघरी दिसणारं ते 'डीसीआयएम' म्हणजे काही बिघाड नव्हे किंवा व्हायरस नव्हे, हे आता कुणी विचारलं तर सांगा.

चार आकडे म्हणजे ९९९९ पर्यंत. त्यानंतर कॅमेरा पुन्हा ०००१ पासून मोजतो. म्हणजे दहा हजार फोटोंनंतर तुमच्या घरात एकाच नावाचे दोन फोटो असणार, आणि दोन कॅमेरे असतील तर त्याच्याही आधी. सगळे फोटो एकाच फोल्डरमध्ये ओतायला गेलं की कॉम्प्युटर विचारतो, "याच नावाचं आधीच आहे, जुन्याच्या जागी नवं ठेवू का?" आणि घाईत 'हो' दाबलं की जुना गेला. कुणाचं मंगळसूत्र बदललं तर दुसऱ्या दिवशी कळतं, हे कळायला वर्षं जातात.

मग कॅमेऱ्याने नंबर दिला, पण तारीख? तीही दिली. १९९५ पासून फोटोच्या आतच एक छोटी नोंदवही असते, तिला एक्झिफ म्हणतात. फोटो कधी काढला, कुठल्या कॅमेऱ्याने काढला, ते तिच्यात लिहिलेलं असतं. दीनदयाळांनी काचेच्या कडेवर लिहिलं तसंच हे, फोटोच्या अंगावर. फोटो एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर नेला की बाहेर दिसणारी फाइलची तारीख बदलू शकते, आतली बदलत नाही. फक्त कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर हवं. बॅटरी बरेच महिने काढून ठेवली की कित्येक कॅमेऱ्यांचं घड्याळ मागे जाऊन कुठल्या तरी १ जानेवारीवर बसतं. मग दशलक्षण पर्वाच्या मिरवणुकीचे फोटो जानेवारीत पडतात. आणि व्हॉट्सअॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो लहान होतो आणि ही आतली नोंदवहीही पुसली जाते. भाचीने लग्नाचे फोटो पाठवले म्हणून निर्धास्त राहू नका. तिला सांगा, डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर पेनड्राइव्हवर दे.

२००१ साली विंडोज एक्सपी आलं आणि आपल्याकडे घरात कॉम्प्युटर येण्याचे तेच दिवस. कॅमेरा केबलने जोडला की एक चौकट उघडे. ती विचारत असे: या फोटोंना काय नाव द्यायचं? कुठे ठेवायचं? आणि उतरवून झाल्यावर कॅमेऱ्यातले पुसून टाकू का? तीन प्रश्न, तिन्ही नेमके. घरातल्या कुठल्याही जाणत्या बाईने साठवणीचा डबा भरताना स्वतःला विचारावेत तसे. पण त्या चौकटीपाशी ती बाई बसलेली नसायची. मुलगा बसलेला असायचा, आणि नावाच्या जागी तो 'न्यू' लिहायचा, पुढच्या वेळी 'न्यू न्यू', नंतर 'एबीसी'. मराठीत लिहायचं तर एक्सपीत देवनागरीची सोय वेगळी बसवून घ्यावी लागे, ती कुणी घेत नसे. आमच्या जावेच्या जुन्या कॉम्प्युटरवर 'न्यू ७' नावाच्या फोल्डरमध्ये तिच्या सासऱ्यांच्या शेवटच्या वाढदिवसाचे फोटो निघाले. कॉम्प्युटर भंगारात देण्याच्या आदल्या दिवशी.

पुढे पिकासा आलं. २००४ साली गूगलने ते विकत घेऊन फुकट वाटलं आणि बऱ्याच घरांत ते पोचलं. सुंदर होतं. ते फोटो स्वतःकडे ठेवत नसे, जिथे असतील तिथून दाखवत असे, हे मात्र अनेकांना समजलं नाही आणि "पिकासात आहेत की" म्हणून मूळ फोल्डर पुसले गेले. २००९ मध्ये पिकासाने चेहरे ओळखायला सुरुवात केली. एकसारखे चेहरे गोळा करून ते विचारायचं, ही कोण?

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्या अल्बमला इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. स्कॅन केलेल्या फोटोंत या यंत्राने कराडची तरुण मुलगी आणि सांगलीची सून एका ढिगात आणून ठेवल्या. त्याला माहेर-सासर कळत नाही, नाव बदललेलं कळत नाही, त्याला फक्त कपाळ, नाक, डोळे दिसतात. दरवेळी बरोबर येतं असं नाही, बहिणी-बहिणींत गफलत होते, मायलेकींत तर हमखास. पण सासूबाईंची दोन्ही नावं एका चेहऱ्याखाली लिहिताना मला बरं वाटलं, हे कबूल करते.

यात एक खोट होती. फोटोखाली लिहिलेली ओळ पिकासा फोटोच्या आत ठेवत असे, पण चेहऱ्यांची नावं सुरुवातीला बाहेर, स्वतःच्या वेगळ्या वहीत. २०१६ साली गूगलने पिकासा बंद केलं. ज्यांनी कॉम्प्युटर बदलताना फक्त फोटो नेले, त्यांची खाली लिहिलेली ओळ टिकली आणि चेहऱ्यांची नावं राहिली मागे. त्याआधीच गूगल फोटोज आलं होतं, २०१५ पासून हवे तितके फोटो फुकट म्हणून सगळ्यांनी भरले, आणि १ जून २०२१ पासून ते फुकट राहिलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. दुकान त्यांचं, भाव ते ठरवणार. पण घरची नावं दुकानदाराच्या वहीत ठेवू नयेत, फोटोच्या अंगावर लिहावीत. फोटोवर उजवी कळ दाबून त्याच्या तपशिलात शीर्षकाची जागा असते, तिथे लिहिलेलं बहुतेक वेळा फोटोबरोबर जातं. आता तर मराठीत लिहिता येतं.

प्रतीबद्दल बोलताना मला षट्खंडागमाची हकिगत आठवते. मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत धवल ग्रंथांची ताडपत्रं होती, जुन्या कन्नड लिपीतली. लोक लांबून दर्शन घ्यायचे, वाचायला मिळत नसत. ताडपत्रं जीर्ण होत चालली होती. मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी खटपट केली आणि १८९६ च्या सुमारास नक्कल करण्याचं काम सुरू झालं. ते करणाऱ्यांत आपल्या मिरजेचे गजपती उपाध्याय होते. बाहेर प्रत जाऊ द्यायची नाही असा तिथला दंडक. गजपतींनी आपल्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या मदतीने घरी गुपचूप आणखी एक कन्नड प्रत तयार केली. ती पुढे सहारनपूरला गेली, तिच्यावरून आणखी प्रती झाल्या, आणि त्या प्रतींच्या आधारे १९३९ साली धवलेचा पहिला छापील भाग अमरावतीहून निघाला. दंडक मोडला हे बरं की वाईट, यावर आमच्या स्वाध्याय वर्गात अजून वाद होतो. अचौर्य व्रत घेतलेल्या बायकांना ते सहज पटत नाही, आणि ते योग्यच आहे. माझ्यापुरतं मी लक्ष्मीबाईंच्या बाजूने आहे. एका गावी, एका कुलपात, एकच प्रत, यावर त्यांनी भरवसा ठेवला नाही.

पुढे आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने हेच ग्रंथ ताम्रपटांवर कोरले गेले आणि ते आपल्या सातारा जिल्ह्यात फलटणला ठेवले आहेत. ताडपत्र, कागद, छापील ग्रंथ, तांबं. चार वेगळ्या गोष्टींवर, चार वेगळ्या गावी. फोटोंच्या बाबतीत आपल्याला एवढं नको. दोन डिस्क पुरेत, पण दोन्ही एका कपाटात नकोत. माझं माहेर साताऱ्याला, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, तिथे पुराचं पाणी चढत नाही. दर दिवाळीला भाऊबीजेला जाताना सांगलीची डिस्क मी बरोबर नेते आणि तिथली घेऊन येते. पाणी साताऱ्याहून सांगलीला येतं, फोटो सांगलीहून साताऱ्याला जातात. वहिनी म्हणते, वन्संनी यंदा ओवाळणीला डिस्क आणली.

आणि निवडणं. हे मशीन करत नाही. तांदूळ निवडावेत तसं ताटात घेऊन बसावं लागतं. एका रथोत्सवाचे चारशे फोटो, त्यातले साडेतीनशे एकसारखे. परिग्रहाचं परिमाण करताना आपण साड्या मोजतो, भांडी मोजतो. फोटो कुणी मोजत नाही, कारण जागा व्यापताना दिसत नाहीत. मी रथोत्सवाचे चाळीस ठेवते. फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, मग प्रसंग: '२०२३-०९-१९ दशलक्षण प्रारंभ' असं. वर्ष आधी लिहिलं की कॉम्प्युटर ते आपोआप ओळीने लावतो. तारीख आधी लिहिली की सगळ्या वर्षांच्या एक तारखा एकत्र येतात आणि गोंधळ होतो. तिथीसुद्धा लिहिते, पण प्रसंगाच्या नंतर.

चातुर्मासात दुपारी सामायिक झाल्यावर आमच्याकडे चार-पाच म्हाताऱ्या बायका येतात. मोठ्या पडद्यावर फोटो लावायचा आणि एवढंच विचारायचं, "अक्का, ही कोण?" मग त्या नाव सांगतात, माहेरचं आणि सासरचंही, शिवाय कुणाची कोण, हे सगळं सांगतात. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून त्याच फोल्डरमध्ये ठेवते. दोघींचं एकमेकींशी पटलं नाही तर दोन्ही नावं लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकते. गेल्या चातुर्मासात एकशे चौदा फोटो झाले. एकवीस चेहरे अजून बिननावाचे आहेत. त्यातले सहा बाहुबली यात्रेच्या एकाच फोटोतले, सगळ्या बायका, डोक्यावर पदर, उन्हामुळे डोळे बारीक केलेले. फलटणच्या मामींना त्यातल्या दोघी तरी ओळखता येतील असं सासूबाई म्हणतात. मामी ८८ वर्षांच्या आहेत, डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालंय. रविवारी लॅपटॉप घेऊन जायचं ठरलंय.